गिरिछाया फ्लाय फिशिंग क्लबचा पहिला मासा

मुलुंड पश्चिमेच्या ‘गिरिछाया हाइट्स’ या सत्तावीस मजली इमारतीत मासे शिजवण्यास मनाई होती. मासे पकडण्यास नव्हती. पहिल्या बाबतीत सर्वसाधारण सभेचा रीतसर ठराव झाला होता. कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यात ‘मासे’ हा शब्द न वापरता ‘उग्र दर्पाचे खाद्यपदार्थ’ असं म्हटलं होतं. दुसऱ्या बाबतीत ठराव करायची वेळच आली नव्हती, कारण इमारतीत कुणी गळ टाकेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

चौदाव्या मजल्यावरच्या निलेश परबला हा ठराव घर घेतल्यावर कळला. कुर्ल्याच्या चाळीतून इथे येताना त्याने कार्पेट एरिया मोजून घेतला होता, पार्किंगची जागा मोजून घेतली होती. बांगड्याचं काय, हे विचारायचं राहून गेलं. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

बांगडा मात्र सुटला नाही. दर बुधवारी आणि रविवारी तो फाटकाबाहेर बसणाऱ्या शेवंतीकडून मासे घ्यायचा, दोन पिशव्यांत गुंडाळून लॅपटॉपच्या बॅगेत घालायचा आणि लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी गृहकर्जाच्या व्याजदराबद्दल बोलत वर जायचा. घरी त्याची बायको सुगंधा खिडक्या लावून, दारात धूप पेटवून मासे तळायची.

“आपण मासे खातोय की खून पचवतोय?” ती एकदा म्हणाली.

“हळू बोल,” निलेश म्हणाला.

शेवंती त्या जागी इमारतीच्या आधीपासून बसत होती. तेव्हा आत कारखाना होता आणि कामगार सुट्टी झाली की तिच्यासमोर रांग लावायचे. कारखाना गेला, टॉवर आला, रांग गेली. आता गिऱ्हाईक एकेकटं यायचं, खाली मान घालून.

अशा या इमारतीत गेल्या वर्षी फ्लाय फिशिंग क्लब निघाला. सोसायटीचे अध्यक्ष अनिरुद्ध मराठे मुलीकडे परदेशी जाऊन आले होते. तिथल्या नदीत रबरी विजार घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेले शांत, निवृत्त लोक त्यांनी पाहिले. ते गळाला गांडूळ लावत नव्हते, तर पिसांची आणि दोऱ्याची बनवलेली खोटी माशी लावत होते. लांब दोर हवेत मागेपुढे झुलवून ते ती माशी पाण्यावर अलगद उतरवत, मासा लागला की त्याच्याबरोबर फोटो काढत आणि त्याला परत सोडून देत. मासेमारीत इतकी सभ्यता असू शकते याची मराठ्यांना कल्पना नव्हती.

“खाणं हा हेतूच नाही,” स्थापनेच्या सभेत ते म्हणाले. “हेतू काढून टाकला की कुठलीही गोष्ट उच्च होते.”

जवळ नदी नव्हती आणि खाडीला वास होता, म्हणून वर्ग पार्किंगच्या वर केलेल्या बागेतल्या हिरवळीवर भरू लागले. दर रविवारी सकाळी सात वाजता बत्तीस सभासद रबरी विजारी घालून गवतावर उभे राहात आणि समोरच्या गवतावर दोर टाकत. अभ्यासक्रम तीन स्तरांचा होता. पहिल्या स्तराला पाण्याची आवश्यकता नव्हती. दुसऱ्या स्तरात पाण्याची कल्पना करायची होती. तिसऱ्याचं प्रमाणपत्र मिळालेल्या सभासदांना पाण्याची गरजच उरत नाही, असं अनुभवान्ती आढळून आलं.

निलेश सभासद झाला तो बचाव म्हणून. मासे सोडून देणाऱ्या क्लबातल्या माणसाच्या बॅगेत मासे असतील असा संशय कोण घेणार? अडचण एवढीच होती की त्याला हे काम येत होतं. लहानपणी वेंगुर्ल्याला मामाबरोबर खडकावर बसून त्याने पुष्कळ गळ टाकले होते. पहिल्याच रविवारी त्याचा दोर सरळ जाऊन नेमक्या ठरवलेल्या कुंडीत उतरला.

“कुठे शिकलात?” मराठ्यांनी विचारलं.

“यूट्यूबवर,” निलेश म्हणाला, आणि त्यानंतर प्रत्येक वर्गात एकदा तरी गळ स्वतःच्याच टोपीत अडकवून घेऊ लागला. त्याची ही नम्रता पाहून समितीने त्याला सहचिटणीस नेमलं.

महिन्यातून एकदा पाहुण्यांचं व्याख्यान असे. एका व्यवस्थापन सल्लागाराने ‘प्रवाह आणि पदोन्नती’ या विषयावर दीड तास सांगितलं. नदी त्याने रिसॉर्टच्या बाल्कनीतून पाहिली होती. एका आहारतज्ज्ञ बाईंनी ‘मासा न खाता माशाचे फायदे’ समजावून दिले. चौथ्या व्याख्यानाच्या वेळी वाऱ्याची दिशा बदलली. वक्ते मध्येच थांबले.

“हा कसला वास?”

“माशांचा,” मागून कुणीतरी म्हणालं. सभासदांमध्ये अस्वस्थता पसरली. दोघांनी नाकाला रुमाल लावला.

त्याच दुपारी समितीने ठराव केला: मासेमारीसाठी लागणारी एकाग्रता माशांच्या वासाने भंग पावते, सबब फाटकाबाहेरील विक्रेतीस हटवण्याबाबत वॉर्ड ऑफिसला पत्र लिहावे. मसुदा सहचिटणिसाने करायचा होता. निलेशने आधी वाऱ्याच्या दिशेचा अभ्यास सुचवला, मग त्यासाठी उपसमिती सुचवली, मग उपसमितीच्या कार्यकक्षेबद्दल शंका काढली. अशा रीतीने त्याने शेवंतीची जागा तीन महिने वाचवली. आयुष्यात एवढं धाडस त्याने पूर्वी केलं नव्हतं.

मग वार्षिक स्नेहसंमेलन आलं. प्रमुख पाहुणे मिहिर नाडकर्णी हे विलेपार्ल्याचे. त्यांनी देशविदेशात एकशे बारा मासे पकडून सोडले होते आणि प्रत्येकाचा फोटो सोबत आणला होता. फोटो दाखवून झाल्यावर त्यांनी बागेतल्या शोभेच्या तळ्यात प्रात्यक्षिक केलं. या तळ्यात डासांच्या अळ्या खाण्यासाठी दोन वर्षांपूर्वी चिलापी मासे सोडले होते. पण ती नोंद उद्यान समितीकडे होती, क्लबकडे नव्हती. नाडकर्ण्यांचा दोर सुरेख झुलला, माशी पाण्यावर उतरली, आणि वीतभर चिलापी तिला लागली.

मासा हिरवळीवर येऊन आपटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या संपल्या तरी मासा तडफडतच होता.

“आता?” मराठ्यांनी विचारलं.

“गळ काढायचा आणि सोडायचा,” नाडकर्णी म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरकले. “म्हणजे माझ्याबरोबर नेहमी गाइड असतो. मासा तो सोडवतो. मी फोटोत असतो.”

क्लबची पुस्तिका आणण्यात आली. ‘मासा ओल्या हाताने, हळुवारपणे धरावा’ एवढं एक्केचाळिसाव्या पानावर सापडलं. कुणी धरावा, याबद्दल पुस्तिकेत काही नव्हतं. एका बाईंनी माशावर बाटलीतलं मिनरल वॉटर शिंपडलं. कुणीतरी पोळी भाजायचा चिमटा आणायला वर गेलं. याआधी कुणी माशाला हात लावला आहे का, असं मराठ्यांनी जाहीरपणे विचारलं. बत्तीसही सभासदांनी मान खाली घातली.

निलेशची बोटं खिशात वळवळत होती. अंगठ्याने जबडा दाबायचा, गळ उलट फिरवायचा, की निघालं. सगळं मिळून सहा सेकंदांचं काम. पण सहा सेकंदांनंतर त्या बोटांना हे कसं येतं, असं कुणीतरी विचारलं असतं.

“जा की,” शेजारी उभी असलेली सुगंधा हलकेच म्हणाली.

“लोक काय म्हणतील?”

“लोकांचं राहू दे. त्याचं तोंड बघ.”

निलेशने बघितलं, आणि पुढे होऊन तो मराठ्यांना म्हणाला, “फाटकाबाहेर एक बाई बसते.”

वॉचमनने शेवंतीला फाटकावर थांबवलं. कुणाकडे जायचं, कामाचं स्वरूप काय, हे रजिस्टरमध्ये लिहावं लागत होतं. सामानाची लिफ्ट दुरुस्तीला होती आणि रहिवाशांच्या लिफ्टमधून तिला नेता येत नव्हतं. ती गाड्यांच्या उतारावरून चालत वर आली. या सगळ्यात अकरा मिनिटं गेली. तिने गुडघ्यावर बसून मासा उचलला, एका हिसक्यात गळ काढला आणि मासा बोटांनी दाबून पाहिला.

“मेलाय ह्यो.”

“नीट बघा,” मराठे म्हणाले. “आमच्या नियमांप्रमाणे मासा जिवंत सोडावा लागतो.”

“साहेब, चालीस वर्सं मेलेले मासे इकते मी. मला कलतं.”

“तरी सोडा.”

तिने मासा तळ्यात ठेवला. तो पोट वर करून तरंगू लागला. पुन्हा टाळ्या झाल्या आणि नाडकर्ण्यांबरोबर समितीचा फोटो निघाला. शेवंती पदराला हात पुसत वळली तेव्हा समोर निलेश आणि सुगंधा होती. तिने दोघांना ओळखलं. बुधवारीच तिने त्याला गाभोळीचे बांगडे निवडून दिले होते. ती फक्त म्हणाली, “येते, साहेब,” आणि आली तशी उतारावरून गेली. एखाद्याने आपली लाज इतकी नीट सांभाळावी, याने निलेशला भरून आलं. चार दिवस टिकलं ते.

इतिवृत्तात नोंद झाली: ‘मासा यशस्वीरीत्या पाण्यात सोडण्यात आला.’ मेलेला मासा बाहेर काढायचं काम क्लबच्या मते उद्यान समितीचं होतं आणि उद्यान समितीच्या मते क्लबचं. गुरुवारपर्यंत सातव्या मजल्यापर्यंत वास पोचला. तक्रारी आल्या. चौकशीसाठी निलेश परब यांची एकसदस्य समिती नेमण्यात आली.

“वास तळ्यातूनच येतोय,” निलेश म्हणाला.

“कसा येईल?” मराठ्यांनी इतिवृत्त पुढे सरकवलं. “आपला मासा जिवंत आहे. इथे लिहिलंय. म्हणजे वास बाहेरचाच असणार.” मग त्यांनी चष्मा काढला. “बरं, परब, त्या दिवशी त्या बाईचं नाव तुम्हीच सुचवलंत. तुमची ओळख कशी?”

“ओळख नाही,” निलेश म्हणाला, आणि वास बाहेरचाच असल्याचा अहवाल व वॉर्ड ऑफिसला द्यायचं इंग्रजी पत्र लिहून त्याने दोन्हींखाली सही केली.

तो अहवाल आणि सोबतचं इंग्रजी पत्र हरकतींसाठी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यात आलं. मुदत सात दिवसांची होती. वीस मिनिटांत चौऱ्याऐंशी सभासदांनी अंगठा उंचावून संमती दिली. फाइल उघडली होती तिघांनी. हरकत एकही आली नाही. पुढच्या शुक्रवारी वॉर्ड ऑफिसची गाडी आली आणि शेवंतीची पाटी, लाकडी ठोकळा आणि छत्री उचलून घेऊन गेली.

दोन आठवड्यांनी निलेशला ती नाल्यापलीकडच्या गल्लीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडली. नवी पाटी छोटी होती. तिने नेहमीसारखाच त्याच्यासाठी बांगडा निवडला, साफ केला आणि ब्लाउजमधून गाडीवाल्यांनी दिलेला, घडी घातलेला कागद काढला.

“साहेब, ह्ये जरा वाचून दावा. इंग्रजीत हाय.”

निलेशने वाचून दाखवलं. दर्प, आरोग्य, एकाग्रता हे शब्द त्याने गाळले. पण ते गाळल्यावर फारसं काही उरलं नाही.

“खाली सही कोनाची?”

“नीट लागत नाहीये.”

शेवंतीने कागद परत घेतला, सहीवर एकदा बोट फिरवलं आणि घडी घातली. “तुमच्या येवड्या घरांतनं कुनीच काय बोललं नाय? कारखान्याच्या टायमापास्नं बसते मी तितं.”

“सगळ्यांना विचारलं होतं,” निलेश म्हणाला. “चौऱ्याऐंशी जणांनी अंगठा दिला.”

ती सुरी पुसता पुसता थांबली. “अंगठा? शिकलेल्या मानसांनी?”

निलेश पाकिटातले पैसे मोजू लागला.

“माजी आय द्यायची अंगठा,” शेवंती म्हणाली. “कागदात काय लिवलंय ते तिला कलायचं नाय ना. लय लाज वाटायची तिला. म्हनून तर मला चौथीपत्तर शालेत घातलं.” तिने बांगडे पिशवीत घालून त्याच्या हातात दिले. “तुमी दिला काय अंगठा?”

“नाही,” निलेश म्हणाला, आणि हे अगदी खरं होतं. अंगठा देणारे चौऱ्याऐंशी लोक वेगळे होते. ते तुमच्या-माझ्यासारखे, कुणाचंही वाईट न चिंतणारे लोक होते.