अक्कांनी समुद्र झाडला

अक्का कोणाच्या घरी गेल्या की पाणी मागत नसत, झाडू मागत. आपण चहा ठेवायला आत जावं, तर बाहेर येईतो बैठकीतली सतरंजी उन्हात पडलेली आणि तिच्याखाली सापडलेली गेल्या दिवाळीची लवंगी आपल्या हातात. वर म्हणणार, "सायेब, हाई तुमनी ठेव." मी कचेरीत कारकून. मला 'साहेब' म्हणणारी अख्ख्या जळगावात ही एकच बाई.

नवरा गेल्यावर मुलानं शेती वाट्यानं लावली आणि त्यांना नरडाण्याकडच्या खेड्यातून पिंप्राळ्याला, आमच्या कॉलनीत आणलं. इथं ना अंगण, ना गोठा. मग अक्कांनी गल्लीच दत्तक घेतली. एकदा तर रिक्षावाल्याला खाली उतरवून त्याची रिक्षा झाडली आणि मगच आत बसल्या. त्यानं पुढं आमच्या गल्लीत यायचंच सोडलं. कोणी नुसतं बघत उभं राहिलं की ठरलेला प्रश्न यायचा, "हात मोडनात का?"

नव्वद सालाच्या आसपास कॉलनीनं एसटी भाड्यानं घेऊन कोकणात सहल काढली. अक्कांच्या मुलाला रजा मिळाली नाही. त्यानं आईला आमच्या स्वाधीन केलं. आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला नव्हता. सहलीचे पुढारी चौधरीभाऊ. त्यांनी समुद्रासाठी खास काळा चष्मा घेतला होता.

गाव लहानसं होतं. नारळाच्या बागेतून धावतपळत पुढं झालो आणि सगळे जागीच थांबलो. वाळू दिसेचना. रबरी चपला, खिळे वर आलेल्या फळ्या, फाटक्या ताडपत्र्या आणि दोरखंडांचे गुंते, नजर जाईल तिथवर. दूर खडकांवर एक मालवाहू जहाज कुशीवर कलंडलं होतं. काही दिवसांपूर्वीच्या वादळात ते तिथं चढलं आणि पोटातला सगळा माल ओकलं.

एक कोळी होडीला टेकून बसला होता. "होडी लोटायला वाट नाही, आणि लोटली तर फळ्यांनी जाळी फाटतात," तो म्हणाला. "घरात चूल थंड आहे."

चौधरीभाऊंनी चष्मा खिशात ठेवला. "चला, दुसरा किनारा बघू."

"कोठे चालनात?" मागून आवाज आला. अक्कांनी पदर खोचला होता. "समुद्र देखाले ऊनूत ना? मंग देखा. पयले तो निंघू तं द्या खालतून!"

तेवढ्यात सरपंच आले. पंचनामा व्हायचा आहे, कोणी कशाला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. अक्कांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं.

"माल मोजतीन ना?"

"मोजतील."

"मंग असा पसरेल माल कसा मोजतीन? ढीग नको का?"

सरपंचांनी डोकं खाजवलं. मुद्दा बिनतोड होता. "मालाला पाय फुटता कामा नये," एवढं म्हणून ते पहिली फळी उचलायला वाकले.

मग काय! चपलांचा एक ढीग, फळ्यांचा दुसरा. बायकांनी दोरखंड सोडवले. चौधरीभाऊ रांग लावून हुकूम देऊ लागले, तेव्हा त्यांचे हात मोडलेत का याचीही चौकशी झाली.

जहाजावरचे खलाशी शाळेच्या ओसरीवर बसून हे बघत होते. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातले. पंचायत त्यांना जेवण देत होती, पण गाव चिडलेलं होतं. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. त्यांच्यात एक पांढऱ्या केसांचा म्हातारा होता, जहाजावरचा आचारी. अक्का गावातून मागून आणलेला खराटा घेऊन सरळ त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ भाऊ. तुमनाच माल शे ना?"

त्याला अक्षर कळलं नाही, पण खराटा कळला. तो उठला. मागोमाग बाकीचेही उठले. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर मघाचा कोळी आणि एक खलाशी एकाच फळीची दोन टोकं धरून चालले होते. कोळ्यानं मध्येच थांबून त्याला विडी दिली.

ऊन कललं तेव्हा पाण्यापर्यंत रुंद वाट मोकळी झाली होती. सगळ्यांनी मिळून होडी लोटली. ती लाटेवर चढली तशी गावातल्या बायका ओरडल्या, आणि समुद्रातलं काही न कळणारी आम्ही खान्देशी माणसं त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो.

निघताना गाडीत अक्का नव्हत्या. मी शोधायला गेलो. एका फळीवर अक्का आणि तो आचारी बसले होते. अक्का बोलत होत्या. एरवी दोन शब्दांत हुकूम सोडणारी ही बाई हात नाचवत, हसत, मध्येच डोळे पुसत धो धो बोलत होती. गाव, विहीर, कोणाचं लग्न, म्हैस चोरीला गेली ती गोष्ट. म्हातारा मान हलवत होता. मग तो त्याच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगू लागला. अक्काही तितक्याच मनापासून "हां... हां..." करत राहिल्या.

गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या. मी हसत विचारलं, "अक्का, त्याला काय समजलं हो?"

"काहीच नही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "पन त्यानी माले एकदाबी 'नीट बोल' म्हनं नही."

माझं हसू थांबलं. आमची आणि त्यांची भिंत एकच. "आई, मुलांसमोर नीट मराठी बोल ना," हे त्यांच्या मुलाचं वाक्य मी रोज ऐकत होतो. नातवंडं इंग्रजी शाळेत. आजी काही सांगू लागली की ती एकमेकांकडे बघून हसायची. मग अक्का गप्प व्हायच्या.

गाडीनं घाट धरला. मी म्हटलं, "अक्का, ती म्हैस मग सापडली का?"

त्यांनी वळून पाहिलं. "तुले समजी का?"

त्या मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या होत्या.

"नाही समजलं तर विचारीन."

अक्का जरा सावरून बसल्या, मांडीवरचं बोचकं बाजूला ठेवलं, आणि त्यांनी त्या म्हशीच्या आईपासून सुरुवात केली.