बीएस्सीला दुनिया मोकळी

भाचा बीएस्सी झाला म्हणून त्याला घेऊन पाहुण्यांना पेढे द्यायला परभणीमार्गे देवगाव फाट्याला निघालो होतो. ताडकळसच्या स्टँडवर मी सहज विचारलं, "काय रे, आता पुढं काय?" विचारायला हरकत नव्हती. चूक एवढीच, की शेजारचे गौतमराव मागंच उभे होते.

"पुढं काय म्हंजे?" ते कडाडले. "कारखान्यात उसाचा रस कोण तपासतंय? बीएस्सी! डेअरीत फॅट कोण बघतंय? बीएस्सी! बियाण्याच्या लॅबात, औषधाच्या कंपनीत, बँकेत बी बीएस्सीच हाय. भाऊ, बीएस्सीला दुनिया मोकळी हाय!"

एवढं होईस्तोवर आमची परभणीची बस गेली. भाचा मात्र खुशीत होता.

गौतमराव कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. रिटायर झाले, पण सवय सुटली नाही. चहासुद्धा आधी उजेडात धरून बघतात, मग पितात. गावातलं पोरगं बीएस्सी झालं की हे त्याच्या दारात हजर. मयतीला बसायला गेले तरी हळूच विचारणार, "थोरल्याचं केमिस्ट्री का झूलॉजी?" कितीतरी पोरं त्यांनी अशी पुण्या-हैदराबादला धाडली. त्यांच्या आया गौतमरावांना बोल लावतात आणि दिवाळीला फराळही पाठवतात.

यंदा त्यांची लेक सुजाताच बीएस्सी झाली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ही बापलेकच. तिला हैदराबादच्या एका औषध कंपनीत गोळ्या तपासायची नोकरी लागली आणि गौतमरावांची भाषाच बदलली. "तिकडचं पाणी लय जड हाय. बी.एड. कर. इकडंच बोरीत शाळेवर बघू की."

आमच्या ओट्यावर चहा चालला होता, सुजाताही बसली होती. म्हणाली, "पप्पा, दुनिया काय लोकांच्याच पोरांना मोकळी हाय का?"

गौतमरावांनी कप बराच वेळ उजेडात धरला. मग म्हणाले, "बॅग नवी घे. माझी लहान पडंल."

ती गेली त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. हातात रिकामं पातेलं. साखर हवी असेल म्हणून मी डबा आणायला उठलोसुद्धा.

"वैनी," ते हिला म्हणाले, "एकट्या माणसाला भात किती टाकायचा हो? आमचा अंदाज दोघांचा हाय."

"दोघांचाच टाका, भाऊजी," ही म्हणाली. "उरंल तो इकडं घेऊन या."

ते गेल्यावर मी म्हणालो, "अगं, आपल्याकडं काय भात कमी पडायलाय?"

"भात कुणाला पाहिजे?" ही म्हणाली. "तो द्यायला माणूस येईल की."