धप्पूनं सांगितलेलं भविष्य

“पडण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय!” धप्पू छाती काढून म्हणाला.

आणि ते खोटं नव्हतं. मूकपटांच्या त्या स्टुडिओत धप्पूचं कामच पडायचं. जिन्यावरून, सायकलवरून, घोड्यावरून, एकदा तर सपाट जमिनीवरून! तो पडला की प्रेक्षक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे. पण हाच पठ्ठ्या कपड्यांच्या खोलीतल्या शिवणवालीपुढे उभा राहिला, की पायांऐवजी त्याची जीभ घसरायची. अख्खा स्टुडिओ तिला ताई म्हणायचा. धप्पू मात्र तेवढा एक शब्द टाळून कशीबशी वाक्यं जुळवायचा.

ती हुशार, हसरी, हाताची जलद. पण शकुनाचं भारी वेड! तिला आत्यानं वाढवलेलं आणि आत्या म्हणजे अपशकुनांचं चालतंबोलतं दुकान. मांजर आडवं गेलं की ही मागच्या गल्लीनं यायची. आरसा फुटला की दिवसभर सुईला हात लावायची नाही. धप्पूनं एकदा धीर करून “तुम्ही माझ्याशी लग्न...” एवढं म्हटलं आणि शेजारी रंगभूषाकार शिंकला. झालं! “अगंबाई!” म्हणत ती आत आणि दार बंद.

“तुझ्या नाकानं माझा संसार मोडला,” धप्पूनं रंगभूषाकाराला बजावलं, “आता तुझ्याच हातांनी जोडायचा. मला म्हातारी ज्योतिषीण कर!”

“आणि तिनं ओळखलं तर?”

“अरे, मला माझी आई ओळखणार नाही!”

संध्याकाळी एका रिकाम्या सेटवरच्या तंबूत पांढऱ्या केसांची, वाकड्या नाकाची म्हातारी येऊन बसली. रंगभूषाकारानं शिवणवालीला तिथवर आणलं. तिनं हात पुढे केला मात्र, म्हातारीच्या अंगाला दरदरून घाम सुटला. त्यात आयुष्य मूकपटांत गेलेलं. आवाज बदलायची सवय कुठली? सुरुवात कोंबडीच्या आवाजात झाली आणि शेवट कोंबड्याच्या!

“उद्या सकाळी तुझ्या दाराशी एक पुरुष दाणकन पडेल, त्याची टोपी उडेल. तोच तुझा नवरा!”

“नक्की?” तिनं डोळे मोठे करून विचारलं.

“नक्की म्हणजे काय, काळ्या दगडावरची रेघ!”

रात्रभर धप्पूला झोप नाही. पडायचं तर आपल्याला रोजचंच, आता लग्नाला उशीर तो काय!

पण सकाळी दिग्दर्शकसाहेबांना पाठलागाचं दृश्य सुचलं. त्यांनी कपड्यांच्या खोलीबाहेरची सगळी फरशी साबणाच्या पाण्यानं गुळगुळीत करून घेतली, टोकाला कॅमेरा लावून घेतला आणि कुणाला सांगायचं तेवढं विसरले.

पहिला आला खलनायक. पडद्यावर कर्दनकाळ, घरी बायकोपुढे गरीब गाय! सुर्रकन घसरत थेट शिवणवालीच्या उंबऱ्यावर आडवा. टोपी खिडकीबाहेर!

“अहो, तुम्ही?” ती किंचाळली. “तुमची तर बायको आहे!”

“आहे ना! पण तिला कळवू नका,” तो कण्हला.

हा आरडाओरडा ऐकून दिग्दर्शकसाहेब धावत आले ते त्याच्यावर आदळले. त्यांची टोपी गेली आणि टोपीबरोबर केसही गेले! ते केस साहेबांचे स्वतःचे नव्हते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मागून आलेला सुतार त्या दोघांवर. दारात नवऱ्यांची रास लागली!

“त्या म्हातारीनं मला फसवलं की काय!” शिवणवालीला रडू कोसळलं. “यातला माझा कुठला?”

तेवढ्यात फूल घेऊन धप्पू अवतरला. घसरला, गरगरला, एका पायावर नाचला, पण पडेना! साबणावर हयात घालवलेले पाय ऐन वेळी इमान राखून बसले. मग त्यानं मुद्दाम अंग टाकलं, तर खाली खलनायकाचं पोट. चेंडूसारखा उसळून पुन्हा उभा! टोपीही कामाची, आतून रबर लावलेली. उडाली आणि फट्दिशी परत डोक्यावर बसली.

“बरं झालं बाई, तुम्ही तरी पडला नाहीत,” डोळे पुसत ती म्हणाली. “या सगळ्यांत तुमचीच तेवढी भीती नाही.”

ते ऐकून मात्र धप्पू गुडघ्यांवर आला.

“तुम्ही रडू नका. ती म्हातारी मीच होतो! सगळं खोटं सांगितलं. तुम्ही आवडता एवढंच खरं!”

ती भडकली. हातवारे करून काहीतरी बोलली. पण खलनायक कण्हत होता, साहेब केसांसाठी ओरडत होते. धप्पूला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिनं धाडकन दार लावलं. पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही.

चित्रपट लागला तेव्हा दोघं योगायोगानं शेजारी बसली. म्हणजे धप्पूनं घडवून आणलेल्या योगायोगानं. पाहतात तो पडद्यावर तीच साबणाची फरशी! कॅमेरावाल्यानं सगळं टिपलं होतं. धप्पू हात जोडून काकुळतीला आला आणि संवादाची पाटी झळकली: ‘बाई, माझी पाटलोण शिवून झाली का?’ ती तावातावानं काही बोलली. पाटी: ‘आधी जुनी धुऊन आणा!’

थिएटर हसून कोसळलं. धप्पू खाली मान घालून पुटपुटला, “तुम्ही तेव्हा खरं काय म्हणाला होतात?”

“एवढी सोंगं कशाला, पुन्हा सरळ विचारायचं होतंत, हो म्हणाले असते. असं म्हणाले होते,” ती म्हणाली. “इतके दिवस वाट बघतेय. विचारा की आता!”

“काय?” धप्पू आनंदानं एवढ्या मोठ्यांदा ओरडला, की पडद्याखाली वाजवत बसलेल्या पियानोवाल्याचा सूर चुकला.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ खेकसले, “अहो, गप्प बसा जरा! पिक्चर ऐकू येत नाहीये!”