गोपनीय रश्श्याची जाहीर हमी

विजयसिंह सरनोबत यांना रस्सा करता येत नव्हता. ही गोष्ट जगात इतरत्र कुठे घडली असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ती कोल्हापुरात घडत होती, आणि तीही आखाडाच्या तोंडावर.

गल्लीच्या आखाडातल्या जत्रेला मटण शिजते ते गडीमाणसांच्या हातचे, उघड्यावर, दगडांच्या चुलीवर. बायकांनी त्या दिवशी फक्त नावे ठेवायची, असा रिवाज आहे. विजयसिंहांचे थोरले चुलतभाऊ आण्णा ही जबाबदारी कित्येक वर्षे सांभाळत आले होते. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि आण्णा गारगोटीला लेकीकडे राहायला गेले. जाताना मंडळाच्या कट्ट्यावर, सगळ्यांदेखत, त्यांनी पळी विजयसिंहांच्या हातात दिली.

"ह्याला सगळं ठावं हाय," आण्णा म्हणाले. "दरसाल माझ्या शेजारी चुलीपाशी बसतोय की. सरनोबतांच्या हाताबाहेर रस्सा जायचा न्हाय."

विजयसिंह दरसाल चुलीपाशी बसत हे खरे होते. ते तिथे पुस्तक वाचत बसत, हे आण्णांच्या कधी ध्यानात आले नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना चारचौघांत 'नाही' म्हणण्याचा सराव नव्हता. त्यांनी मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी पत्नी संयोगिताबाईंनी पळीकडे पाहिले आणि मग नवऱ्याकडे पाहिले.

"अवो, तुमाला च्याला साखर किती लागती ठावं न्हाय, आन् गल्ली जेवू घालणार?"

"आण्णांजवळ बसून सगळं पाहिलंय मी."

"बघितलंय का वाचलंय?"

विजयसिंह आतल्या खोलीत गेले. कुणाला विचारायचे म्हणजे येत नाही हे कबूल करायचे. आणि एकदा ते कबूल केले की सरनोबत घराण्याची गल्लीतली पत संपली. शेवटी त्यांनी दार लोटले, मोबाईल काढला आणि 'घरबसल्या' नावाच्या शिक्षण-व्यासपीठावर 'कोल्हापुरी रस्सा : पूर्णतः अनभिज्ञांसाठी' हा अभ्यासक्रम गुपचूप घेतला.

'आम्हाला आपल्या गोपनीयतेची काळजी आहे,' अशी पाटी उंबऱ्यातच आडवी आली. खाली दोन बटणे होती. 'सर्व मान्य' हे मोठे, हिरवे आणि हसतमुख. 'माझे पर्याय पाहा' हे करड्या रंगाचे, ओशाळे. जगातली सगळी माणसे पहिले दाबतात. विजयसिंहांनी दुसरे दाबले, कारण त्यामागे वाचायला मजकूर होता.

दुपारभर त्यांनी तो वाचला. कुकी म्हणजे काय, हे त्यांना कळले ते असे : आपण एखाद्या दुकानात डोकावलो, की दुकानदार आपल्याच खिशात एक चिठ्ठी सरकवतो. पुन्हा गेलो की ती काढून वाचतो आणि म्हणतो, 'या, या, परवा मसाल्यापाशी घुटमळत होता ते तुम्हीच ना?' काही चिठ्ठ्या दुकानदाराच्या असतात, काही त्याच्या भागीदारांच्या. भागीदारांची नावे वाचता वाचता विजयसिंहांचे डोळे दुखू लागले. ती वर्णानुक्रमे लावलेली नाहीत, याची त्यांना विशेष खंत वाटली. मग त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या नाकारल्या आणि पहिला धडा उघडला. धड्याचे नाव होते 'कांदा : एक परिचय'.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात तीच पाटी. त्यांनी पुन्हा नकार दिला. धडा उघडला तर पुन्हा 'कांदा : एक परिचय'. तिसऱ्या दिवशीही कांदाच. त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत तक्रार पाठवली. उत्तर लगेच आले :

'महोदय, आपण कुठवर शिकलात हे लक्षात ठेवण्यासाठी आम्हाला कुकी ठेवावी लागते. आपण कुकी नाकारल्या आहेत, हे लक्षात ठेवण्यासाठीही कुकी ठेवावी लागते. आपण कुकी नाकारल्या आहेत. त्यामुळे आपण कोण, काय शिकलात आणि काय नाकारलेत, यापैकी काहीही आम्हाला आठवत नाही. आपल्या नकाराचा आम्ही मनःपूर्वक आदर करतो. आपले स्वागत आहे. प्रथम कांदा घ्या.'

इथे विजयसिंहांच्या हातून चूक झाली. त्यांनी सविस्तर लिहिले. आपण कोण, आपल्याला रस्सा का येत नाही, तो का यायला हवा आणि हे गल्लीत कुणालाही कळता कामा नये, अशी सर्व हकिगत त्यांनी परिच्छेद पाडून कळवली. व्यासपीठाने तो अर्ज 'अतिगोपनीय' वर्गात टाकला. आणि अतिगोपनीय विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी करावी, असा नियम होता.

त्याप्रमाणे हातकणंगल्याहून स्नेहलबाई आल्या. पाठीवर 'घरबसल्या : गोपनीयता पथक' अशी ठळक अक्षरे छापलेले जाकीट त्यांनी घातले होते. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून त्यांनी समोरच्या बायडाबाईंना हाक दिली.

"मावशी, ते गोपनीय केसवाले सरनोबत सर कुठं ऱ्हातात वो?"

"कोन, पुस्तकवाला विजयसिंग?" बायडाबाई उंबऱ्यावरून उठल्याच. "त्याची केस झाली? आगं बया! काय केलं त्यानं?"

"ते सांगता येत न्हाय मावशी. गोपनीय हाय."

"कळंब्याच्या जेलात नेत्यात काय?"

"अजून तसं काय ठरलेलं न्हाय," स्नेहलबाई नियमाला धरून म्हणाल्या.

संयोगिताबाई बचतगटाच्या बैठकीला गेल्या होत्या, तेवढे नशीब. विजयसिंहांनी घाईघाईने पाहुणीला आत घेतले आणि खिडक्या लावल्या.

"सर, तुम्ही कुठल्या वायफायवर शिकताय?"

"मंडळाच्या."

"झालं तर! त्याच वायफायवर अख्खी गल्ली हाय. तुमच्यामुळं समोरच्या मावशींच्या मोबाईलवर मसाल्याची आन् पळीची जाहिरात येणार. त्यांना शंका येणार. गुपित फुटणार. मग जबाबदारी कुणाची? आमची. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक माणसाकडनं हमीपत्र घ्यायचं."

"कसलं हमीपत्र?"

"तुमचं गुपित फोडणार न्हाय, असं."

"पण त्यांना गुपित माहीतच नाही!"

"म्हणून तर पहिल्याच परिच्छेदात दिलंय, सर. माहीतच नसलेलं गुपित राखायची सही घेतली तर ती टिकत न्हाय."

विजयसिंहांनी कागद हातात घेतला. 'मी, खाली सही करणार, अशी हमी देतो/देते की, माझे शेजारी श्री. विजयसिंह सरनोबत यांना रस्सा करता येत नाही व ते तो चोरून शिकत आहेत, ही बाब मला आजपासून ज्ञात झाली असून...' पुढे चार पाने बारीक अक्षरे होती. सवयीप्रमाणे त्यांनी तीही वाचली. त्यात असे होते की सही करणाऱ्याने आपल्या स्वयंपाकघरातले बोलणे, घरातले भांडण आणि जेवणानंतरचा ढेकर हे सर्व व्यासपीठाला शैक्षणिक कारणासाठी, कायमचे, देऊन टाकले आहे.

"मी नावच काढून घेतो," ते कागद परत देत म्हणाले. "मला विसरून जा."

"विसरतो की. तो तुमचा हक्कच हाय. फक्त कुणाला विसरायचं ते आमच्या माणसांना ठावं पाहिजे, म्हणून विसरलेल्यांची नावं आम्ही संकेतस्थळावर जाहीर लावतो. फोटोसकट. कारणासकट."

विजयसिंह खुर्चीत बसले ते बसूनच राहिले. स्नेहलबाई हमीपत्रांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडल्या. खिडकीच्या फटीतून विजयसिंहांना सगळे दिसत होते. बायडाबाईंनी उंबऱ्यावरच सही केली. मंडप आणि भांडी भाड्याने देणारा दिलदार, त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, त्याने पालथ्या पातेल्यावर कागद ठेवून केली. कोपऱ्यावर संयोगिताबाई बचतगटाहून परत येताना दिसल्या. त्यांनीही केली. पतीच्या नावाचा कागद पत्नीने सही करून परत दिला आणि ती कोथिंबिरीची पेंडी सावरत घराकडे वळली. विजयसिंहांनी डोळे मिटून घेतले.

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. बाहेर पडावे तर प्रत्येक वाक्य टोचत होते.

"मग, तयारी कुठवर आली?" बायडाबाई विचारत. यात 'शिकण्याची' हा शब्द गिळलेला आहे, हे त्यांना स्पष्ट ऐकू येई.

"विजयदा, तू कशाचं टेन्शन घेऊ नगंस," दिलदार पाठीवर थाप मारून म्हणे. "सगळं माझ्याकडं हाय."

तो पातेल्यांविषयी बोलत होता. विजयसिंहांना वाटे, याच्याकडे आपली सगळी माहिती आहे. आणि घरी संयोगिताबाई काहीच बोलत नसत. ते तर सर्वांत भयंकर होते. माणसे किती मोठ्या मनाची आहेत, या विचाराने त्यांना घास उतरेना. इकडे अभ्यासक्रम रोज नव्याने सुरू होत होता. कांद्याचे मूळ, कूळ, जाती, पाकळ्या आणि डोळ्यांतून पाणी येण्याची शास्त्रीय कारणे त्यांना तोंडपाठ झाली. कांद्यापुढे व्यासपीठाने त्यांना जाऊ दिले नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. टेंबलाई देवीला पाणी वाहून बायका परतल्या. मोकळ्या जागेत चूल पेटली. मंडळी गोल करून बसली. विजयसिंहांनी कांदा परतायला घेतला.

असा कांदा गल्लीने पाहिला नव्हता. एकेक फोड सारख्या रंगाची. वासाने शेजारच्या गल्लीतली माणसे माना वर करून पाहू लागली.

"आण्णाचाबी असा लाल हुईत न्हवता!" दिलदार ओरडला.

कांदा झाला. विजयसिंहांनी पळी थांबवली. पुढे काय करतात ते त्यांना माहीत नव्हते. जाळ भडकत होता, माणसे पाहत होती, आणि कांद्याच्या कडा हळूहळू काळ्या पडू लागल्या. सगळ्यांना ठाऊक असताना आणखी नाटक कशाला, असे त्यांच्या मनात आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते चारचौघांत उभे राहिले.

"तुम्हा सर्वांना माहीत आहेच," ते म्हणाले, "की मला रस्सा येत नाही. हे माहीत असून आठवडाभर तुम्ही ते पोटात ठेवलंत, त्याबद्दल मी तुमचा..."

"काय येत न्हाय?" बायडाबाई म्हणाल्या.

"रस्सा. हमीपत्रात होतं ना. तुम्ही सही केलीत."

"सही केली," दिलदार म्हणाला. "बाई म्हणल्या हितं करा, तितं केली. वाचलं कुणी?"

विजयसिंहांनी पत्नीकडे पाहिले.

"माज्याकडं काय बघताय? मला वाटलं ग्यासचं काय तरी आसंल."

आणि मग गल्ली जी हसली, ती हसतच राहिली. दिलदारने पळी काढून घेतली आणि ती हातात घेऊन तो पातेल्याकडे पाहत उभा राहिला. हसू हळूहळू ओसरले. कारण पुढे काय करतात ते त्यालाही माहीत नव्हते. कुणालाच माहीत नव्हते. इतकी वर्षे सगळे आण्णांवर सोडून निवांत पाने मांडत होते.

"गारगोटीला फोन लावा की!"

"आण्णाला कळलं तर गुडघं दुखत्यात तसाच चालत यील मारायला."

"मग मोबाईलवर बघूया. विजयदा, कुठं हाय ते तुझं घरबसल्या?"

"आधी अटी तरी वाचा!" विजयसिंह कळवळून म्हणाले. "त्यात असं लिहिलंय की तुमच्या घरातलं भांडण..."

"भांडान नेऊ दे की," बायडाबाई म्हणाल्या. "आमच्यात काय तुटवडा हाय व्हय? कांदा करपतुय, दाबा ते हिरवं!"

गल्लीने एकमुखाने हिरवे दाबले. व्यासपीठाने प्रत्येकाला नावानिशी ओळखले, कांदा झाला आहे हे न सांगता जाणले आणि थेट पुढचा धडा उघडून दिला. तिकडच्या कुठल्याशा शहरातला एक गोरटेला आचारी हसत म्हणाला, 'आता आपण घालूया दोन वाट्या क्रीम आणि चवीपुरती साखर.'

त्याने सांगितले ते सगळे पातेल्यात पडले. पाने वाढली. पहिला भुरका मारून दिलदारने पाण्याचा तांब्या ओढला. बायडाबाईंनी वाटी नाकाजवळ नेली, परत खाली ठेवली.

"ग्वाड लागतंय," त्या म्हणाल्या.

"गप खावा," दिलदार हलक्या आवाजात म्हणाला. "आन् ह्यातलं एक अक्षर गल्लीभायेर जाता कामा न्हाय. कोल्हापुरात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय."

हे वाक्य गल्लीतल्या सर्व मोबाईलांनी ऐकले आणि 'अतिगोपनीय' म्हणून नोंदवले. दुसऱ्याच दिवशी स्नेहलबाई जाकीट घालून शेजारच्या गल्लीत शिरल्या. हमीपत्राचा पहिला परिच्छेद आता असा होता : 'मागच्या अख्ख्या गल्लीला रस्सा येत नाही व त्यांनी तो गोड केला, ही बाब मला आजपासून ज्ञात झाली असून...' त्या गल्लीने सही केली. मग तिच्या पलीकडच्या गल्लीने. आज पेठांमधून ते हमीपत्र फिरते आहे, कोल्हापूरच्या अब्रूची हमी घेत घेत वेशीकडे निघाले आहे, आणि विजयसिंहांखेरीज ते अद्याप कुणीही वाचलेले नाही.

ते आपल्यापर्यंत येईल म्हणून दार लावून घेण्याचे कारण नाही. आपली सही आधीच झालेली आहे. मागे एकदा कसल्याशा पानावर, काहीतरी पाहण्याच्या घाईत, आपण हिरवे बटण दाबले होते, तेव्हा. कुठले पान ते आपल्याला आठवत नसेल.

आम्हाला आठवते.