सगळ्या बसगाड्या नालवाडीला

घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठं चाललास’ असं विचारू नये, काम होत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ढोबळे काका मात्र रोज सकाळी फाटकाशी उभे राहून अख्ख्या गल्लीला हेच विचारतात.

“कुठी चालली वो सुनबाई?”

“वापस कवा येता भाऊ?”

“आटोवाल्यानं चौकातच उतरवलं असन नं?”

बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीनं त्यावर आपापले उपाय शोधलेत. समोरच्या मेश्राम बाई महत्त्वाच्या कामाला निघाल्या की मागच्या बोळातून जातात. माझा पुतण्या नोकरीच्या मुलाखतीला निघाला तेव्हा काकांनी ओळखू नये म्हणून त्यानं घरातच हेल्मेट चढवलं. काकांनी ओळखलंच. वर “नोकरी लागली तर रोज कोणत्या टायमाले निघशीन?” हेही विचारून घेतलं.

काका चोंबडे नाहीत. ते वर्धा शहराच्या सिटी बसची आखणी करताहेत. त्यांना हे काम कोणीही दिलेलं नाही. हिंगणघाटच्या शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले, आणि जन्मभर परदेशातल्या नद्या कुठून कुठं जातात ते सांगितलं, आता आपल्या गावातली माणसं कुठून कुठं जातात ते पाहू, असं म्हणून कामाला लागले.

गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली त्यांनी एक बाक टाकला आणि ‘विनंती थांबा’ अशी पत्र्याची पाटी ठोकली. एकदा पुलगावचं एक जोडपं कोणाकडे तरी पाहुणं आलं होतं. परत जाताना ते पाटी पाहून तिथं बसलं. काकांनी त्यांना घरून चहा नेऊन दिला. बस कोणत्या रस्त्यानं जाईल, म्हाताऱ्यांना चढायला पायरी किती खाली असेल, सगळं समजावलं.

“पण येते कवा?” पाहुण्यानं विचारलं.

“आली समजा!” काका म्हणाले. “फक्त मंजूर व्हायची राह्यली.”

‘आली समजा’ हा त्यांचा लाडका शब्द. काकूंना तो ऐकला की कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. “लोकाईले बसवून ठेवता अन् बशीचा पत्ता नाई! आपल्या घरी बश्या आहेत त्या कपाखालच्याच.”

मग गेल्या हिवाळ्यात खरंच शहराच्या वाहतुकीचा आराखडा निघाला आणि त्यावर नागरिकांच्या सूचना मागवल्या गेल्या. काका कडक इस्त्री करून तयार झाले. मला म्हणाले, “तू चाल. नकाशा धराले माणूस पायजे.”

नकाशा म्हणजे पांढरी डबल बेडची चादर होती. त्यावर काकांनी रंगीत दोऱ्यांनी रस्ते शिवले होते. नगरपालिकेच्या सभागृहात तिचं एक टोक मी धरलं, दुसरं एका नगरसेवकाच्या हातात दिलं. तो परक्याच्या लग्नात अंतरपाट धरल्यासारखा अवघडून उभा राहिला. काका छडी फिरवत बोलू लागले. लाल बस स्टेशनवरून. निळी आर्वी नाक्यावरून. हिरवी दवाखान्यावरून. लोक हसत होते, पण ऐकतही होते.

नागपूरहून आलेली आराखड्याची तरुण मॅडम चादरीजवळ आली. तिनं एकेका दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि अगदी आदरानं विचारलं, “काका, छान आहे. पण या सगळ्या बस शेवटी नालवाडीलाच का जातात?”

काकांनी चादरीकडे पाहिलं. मीही पाहिलं. लाल, निळी, हिरवी, पिवळी, कुठूनही निघाली तरी गावाच्या त्या टोकाला, नालवाडीतच जाऊन थांबत होती.

काकांनी छडी काखेत घेतली. “चुकलं असन,” म्हणाले, आणि चादरीची घडी घालू लागले.

परतताना स्कूटरवर मागून त्यांचा आवाज आला. “नालवाडीले माही मोठी बहीण राह्यते. बाई म्हणतो मी तिले.”

“मग फोन करत जा नं काका.”

“तिले ऐकू येत नाई आता. समोर बसलो का तोंड पाहून समजते तिले सारं. डोयाचं आपरेशन झालं अन् पोरानं माही गाडी इकून टाकली. आटो दोनदा बदला लागते, उतरून पायी चाला लागते.”

“मी नेतो की तुम्हाला.”

“नेशीन. एक डाव नेशीन, दोन डाव नेशीन. मंग मलेच सांगाची लाज वाटन. बस असली म्हंजे कोणाले सांगा लागत नाई.”

मी हे घरी सांगितलं, घरून ते काकूंकडे आणि काकूंकडून गल्लीभर गेलं. चार दिवसांनी मेश्राम बाई चक्क समोरच्या रस्त्यानं येऊन काकांच्या फाटकाशी थांबल्या.

“काका, माझं माहेर नालवाडीचं. आणखी दोघी तिकडच्याच निघाल्या. दर रविवारी सलीमभाईचा आटो ठरवला. एक जागा रिकामी आहे, कोणी मिळत नाई.”

काका आत पळाले ते चपला घालायलाच. तो दिवस बुधवार होता.

त्या रविवारी बायांपैकी एक आली नाही म्हणून मीही बसलो. नालवाडीला काकांच्या बाई ओसरीवर गहू निवडत होत्या. भावाला पाहून त्यांनी सूप बाजूला सरकवून जागा केली. गल्लीला बोलून बोलून हैराण करणारा हा माणूस मांडी घालून गव्हातले खडे वेचू लागला. मधूनच बाई त्यांच्या तोंडाकडे पाहून हसायच्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायच्या, आणि पुन्हा दोघं खाली मान घालायचे.

निघायची वेळ झाली. सलीमभाईनं हॉर्न दिला. मी काकांच्या खांद्याला हात लावला.

“जाऊ दे त्या गाडीले,” काका मान वर न करता म्हणाले. “पुढची येईन.”

पुढची कोणतीच गाडी नव्हती. मी सलीमभाईला हातानं ‘जा’ म्हणून खुणावलं, आणि ओसरीच्या पायरीवर बसलो. बाईंनी माझ्यापुढेही मूठभर गहू सरकवले.