परसातल्या तारा

मला एकच व्यसन आहे : बिनतारी गप्पांचं. त्यासाठी सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन काढलंय. (बायको म्हणते, लायसनशिवाय बोलायची तुमची हिंमतच नाही.) पण आमच्या धाड गावाहून माझा आवाज काही दूर पोचेना. लांब लहरींवर बोलायचं तर नुसता उंच खांब पुरत नाही. त्याच्या बुडापासून चहूकडे, सायकलच्या स्पोकांसारख्या, तांब्याच्या तारा जमिनीत पुराव्या लागतात. म्हटलं, रविवार आहे, पुरून टाकू.

परसात मधोमध खांब होताच. त्याच्याभोवती चुन्याच्या रेघा मारल्या आणि रेघांवर कुदळ चालवली. ऊन चढल्यावर बायकोनं, म्हणजे जयमालानं, लिंबाचं सरबत करून दिलं आणि ती देवळात भजनाला गेली. पिळलेली लिंबं मी खांबाशीच टाकली. तिथंच माझं चुकलं.

शेजारच्या गोजरबाई भिंतीवरून डोकावल्या.

"काय करून राह्यले, भाऊ?"

"अर्थिंग, काकू."

"अर्थी? कोन गेलं वो माय!"

मी तोंड उघडेपर्यंत भिंतीवर कोणी नव्हतं. जरा वेळानं अर्धी गल्ली परसात, आणि पुढे पोलीस पाटील पंजाबराव. त्यांनी चुना पाहिला, लिंबं पाहिली, चर पाहिले.

"गुप्तधन काढून राह्यले का?"

"नाही हो, रेडिओ आहे!"

"रेडिओ जमिनीत पुरता?"

"रेडिओ घरात. जमिनीत फक्त तारा. आवाज दूर जावा म्हणून."

"आवाज वरून जाते का खालून?"

"वरून."

"मंग तार खाली काऊन?"

याचं उत्तर मला चांगलं पाठ आहे. पण गल्लीभर माणसं रोखून बघायला लागली की माझं पाठांतर जातं.

"पाटील, ते राहू द्या," गोजरबाई म्हणाल्या. "जयमाला कुठं हाय, ते इचारा! मघा लिंबू कापून राह्यली होती. मंग दिसलीच नाही."

 सगळ्यांची नजर ताज्या मातीकडे.

"भजनाला गेलीय!" मी ओरडलो. पाटलांनी फोन लावायला सांगितला. लावला. (भजनात बायको फोन उचलत नाही. घरातही उचलत नाही, पण हे त्या क्षणी कुठं सांगता?)

"खोदा बे," पाटील म्हणाले, आणि माझीच कुदळ कोणीतरी उचलली.

"थांबा! रेडिओ चालवूनच दाखवतो!"

घाईघाईनं तारा जोडल्या, खिडकीतून माइक ओढला आणि हाक दिली. रेडिओतून उत्तर आलं नाही. पण देवळाच्या दिशेनं आलं :

"घर्रर्र... घूंऽऽ..."

मी गप्प झालो, तेही गप्प झालं. पुन्हा बोललो, पुन्हा "घर्रर्र". माझ्या लहरी भजनाच्या भोंग्यात घुसल्या होत्या, हे मला कळलं. गल्लीला कळलं ते वेगळंच.

"जमीन बोलून राह्यली!" पाटलांनी चपला हातात घेतल्या.

इतक्यात हातात टाळ घेतलेल्या बाया गल्लीतून धावत आल्या. सगळ्यांपुढे जयमाला.

"जिती हाय वो!" गोजरबाईंनी तिला मिठीच मारली. "देवळात भूत घुसलं का?"

"काह्यचं भूत!" जयमाला दम खात म्हणाली. "बाया उगाच भेल्या. मी त पयल्याच घर्रर्रले वळखलं. हे रोज रातभर असेच घोरते."

पाटील माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बाजूनं कोणी बोलेल म्हणून मी गोजरबाईंकडे पाहिलं.

"हाव, पाटील," त्या म्हणाल्या. "भिंतीपल्याड आमची म्हैस बिचकते."