सिंहाच्या दारातलं दर्शन

मुलगी बघायच्या आधी गावच्या देवीपुढं नारळ ठेवायचा, एवढंच बनाबाईनं ठरवलं होतं. आता गाव तिचं गडमुडशिंगी असतं तर प्रश्नच नव्हता. पण हे गाव होतं मॉरिशस बेटाची राजधानी, पोर्ट लुई, आणि बनाबाई नवं इरकल नेसून बसली होती तिथल्या बंदरावरच्या बाकावर. शेजारी गणपतराव, मांडीवर बाजारातनं घेतलेला नारळ.

लेक राजवीर तिथं हॉटेलात कामाला. मुलगी त्यानंच पसंत केलेली, कालिंदी नावाची. माणसं मराठीच. खापरपणजोबा ऊस तोडायला जहाजातनं गेला तो तिकडचाच झाला. बनाबाईची अट एकच होती. "पोरगी तू बघितलीस, घराणं मी बघणार. पटलं तरच सुपारी." भेट बंदरावरच्या हॉटेलात ठरली. राजवीर मायलेकींना आणायला बसथांब्याकडं निघाला आणि जाता जाता हात जोडून म्हणाला, "आई, हितनं हलू नगंस. माझ्या संसाराचा प्रश्न हाय."

"मी कशाला हलतीया?" म्हणाली, आणि तो वळणाआड गेला तशी उठली.

बिचारीचा तरी काय दोष? बघायला तेवढं होतंच की! एकीकडं पाण्यात पांढऱ्या होड्या, दावणीच्या म्हशींसारख्या डुलणाऱ्या. दुसरीकडं काचेची दुकानं. एवढ्या मोठ्या दुकानात मांडलेलं काय, तर एक टोपी, एक पिशवी आणि बाकी सगळा उजेड. (गिऱ्हाईक आलंच तर उजेड बांधून देत असतील.) आणि पुढं बघते तर एका इमारतीच्या दारावर भला थोरला सिंह!

"आवं, सिंव्ह! देवीचं वाहन!"

"व्हय की. पर देवी कुठं दिसंना."

"देवी भाईर बसती व्हय? आत आसंल. चला."

दोघांनी दारात चपला काढल्या. कोटातला रखवालदार अनवाण्या पायांकडं बघायला लागला, मग नारळाकडं. बनाबाईनं त्याला वाकून नमस्कार केला. आता नमस्कार करणाऱ्या म्हातारीला अडवायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नसावं. त्यानं दार उघडलं.

आत कसं गार! मिणमिणता उजेड, बारीक घंटा किणकिणत होत्या. ओळीनं रंगीत दिव्यांचे देव्हारे, आणि एकेका देव्हाऱ्यापुढं एकेक माणूस डोळे लावून बसलेला. कुणी कुणाशी बोलेना.

"आपल्याकडं बाया देवळात सुनंची उणीदुणी काढत्यात," बनाबाई कुजबुजली. "हितं बगा, कसं ध्यान लागलंय!"

मधोमध मोठं टेबल, त्यावर एक चाक गरगर फिरत होतं आणि माणसं श्वास धरून उभी. गणपतरावांनी तर टेबलाला प्रदक्षिणाच सुरू केली.

बनाबाईची नजर मात्र पिवळ्या कोटातल्या एका गृहस्थावर खिळली. तो पुटपुटायचा, कपाळाला बोट लावायचा आणि हळूच बटण दाबायचा. एवढी भक्ती तिनं जन्मात बघितली नव्हती. तिला राहवेना.

"पावणं, हितली देवी नवसाला पावती का?"

तो दचकला. मराठी ऐकून एकदम गहिवरला. "पावते हो," म्हणाला, "पण फार वाट बघायला लावते."

तेवढ्यात टेबलाच्या प्रदक्षिणेवरनं गलका झाला आणि रखवालदारानं गोडीगुलाबीनं दोघांना बाहेर आणलं. बाहेर दोन गोरे पाहुणे, यांच्या चपला बघून, आपले बूट काढत होते.

हॉटेलात कालिंदी पाया पडली. पोरगी बघताक्षणी आवडली. तिची आई पुस्तकासारखं मराठी बोलायची. "आपला प्रवास सुखाचा झाला ना? आम्हाला बसथांब्यावर उतरवून हे गाडी लावायला गेले, जागा मिळत नाही म्हणे. तास झाला."

आणि ते धापा टाकत आलेच. सयाजीराव. अंगात पिवळा कोट!

"अगं बया, हे तर देवळातलं पावणं!" बनाबाईला आनंद मावेना. "ताई, नशीबवान हाय तुमी! काय भक्ती मालकांची! मान सुदिक हलवली न्हाई!"

"कोणतं देऊळ?"

"त्ये काय, सिंव्हाचं."

कालिंदीच्या आईनं खिडकीतनं दिसणाऱ्या सिंहाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. सयाजीराव चहाच्या कपात मावेल तेवढं तोंड लपवत होते.

"आई," राजवीरनं कपाळाला हात लावला, "त्यो जुगाराचा अड्डा हाय!"

कालिंदीचे डोळे भरले. "सोडलं म्हणाला होतात ना?" एवढंच तिची आई म्हणाली.

बनाबाई ताठ झाली. लग्न आता तिच्या जिभेवर लटकत होतं. राजवीर तिच्याकडं असा बघत होता, जसं त्यानं परीक्षेच्या निकालाकडंही कधी बघितलं नव्हतं. पण घराणं म्हणजे घराणं.

"राग मानू नगा ताई," ती म्हणाली. "पोरगी सोन्यासारखी हाय. पर आमच्या घरात पत्त्याला हात लावला न्हाई कुणी. इचारा की आमच्या ह्यास्नी..."

ती वळली. खुर्ची रिकामी होती. नारळही नव्हता.

सगळी वरात सिंहाच्या दारातनं आत गेली. सयाजीराव घाईत अर्धा डाव टाकून आले होते, त्याच मशीनपुढं गणपतराव मांडी घालून बसले होते. नारळ मांडीत, बोट बटणावर, डोळे दिव्यांवर.

"आवं! उठा की!" बनाबाई ओरडली.

"थांब गं जरा," मान न वळवता ते म्हणाले, "आत्ता कुठं पावाय लागलीया."

कालिंदीच्या आईनं डोळे पुसले. मग तिला हसू आवरेना. तिनं बनाबाईचा हात हातात घेतला आणि त्याच पुस्तकी मराठीत म्हणाली,

"सुपारी फोडू या, विहीणबाई. घराणी अगदी तोलामोलाची आहेत."